डब्यावरचे अकरा आकडे

फाटक पडले की घुग्घुसात सगळे थांबते. कोळशाचे ट्रक, मोटारसायकली, शाळेची व्हॅन, पाठीवर दप्तर घेतलेली पोरे. मग भोंगा होतो, रूळ थरथरू लागतात आणि मालगाडी येते. येते आणि येतच राहते. मालगाडी इथे इतकी रोजची आहे की तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. मला मात्र गाडी संपेपर्यंत डबे वाचत बसण्याचा नाद आहे, आणि या नादाने मला एक गोष्ट शिकवली. पंजाबात गहू मंडईत आला, दक्षिणेच्या गोदामांना धान्य हवे झाले, विजेची मागणी चढली, या सगळ्याच्या खुणा या फाटकावरून जात असतात. त्या डब्यांवरच लिहिलेल्या असतात.

आधी जागा समजून घेऊ. नागपूर–बल्लारशाह या मुख्य मार्गावर चंद्रपूरच्या अलीकडे ताडाळी स्टेशन आहे. तिथून एक फाटा घुग्घुसला येतो. वर्धा आणि पैनगंगा यांचा वढ्याचा संगम इथून जवळच. आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळशाच्या खाणी, गावाला लागून सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना. फाटा लहान, पण ज्या मार्गाला तो मिळतो तो मार्ग देशाचा कणा आहे. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशाह हा तुकडा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास सरळ लोखंडी रस्ता झाला. आज बल्लारशाहला मध्य, दक्षिण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा तीन रेल्वे एकमेकींना भेटतात. उत्तरेचे धान्य दक्षिणेला जाण्याची एक मोठी वाट हीच. त्या गाड्या घुग्घुसला वळत नाहीत, ताडाळीवरून सरळ निघून जातात. त्यांचा परिणाम मात्र या फाट्यावरही दिसतो. कसा ते पुढे येईलच.

पहिला धडा: गाडी भरलेली की रिकामी? डब्यावर झाकण असेल तर आत काय आहे ते दिसत नाही, पण डबा लपवू शकत नाही. डब्याच्या खाली पुढे आणि मागे चार-चार चाकांच्या दोन गाड्या असतात. त्यांच्या बाजूच्या चौकटीत, दोन चाकांच्या मधोमध, जाड स्प्रिंगांचा गठ्ठा बसवलेला असतो. भरलेल्या डब्याच्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायला आलेली दिसतात. रिकाम्या डब्यात वेटोळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो. कानालाही हा फरक कळतो. भरलेली गाडी खोल, दबक्या आवाजात जाते आणि पायाखालची जमीन हलवते. रिकामी गाडी पत्र्याच्या पिंपासारखी खडखडते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, भरलेली गाडी ताडाळीकडे निघाली की रिकामी साईडिंगला, म्हणजे माल भरायच्या रुळावर, आली, हे इथल्या माणसाला सहज सांगता येते.

दुसरा धडा डब्यावरच्या अक्षरांचा. कोळशाच्या उघड्या डब्यावर ‘बीओएक्सएन’ असे लिहिलेले असते. रेल्वेची माणसे त्याला ‘बॉक्सएन’ म्हणतात. धान्याच्या, खताच्या, सिमेंटच्या बंद डब्यावर ‘बीसीएन’. यातला ‘सी’ म्हणजे झाकलेला, ‘ओ’ म्हणजे उघडा, शेवटचा ‘एन’ म्हणजे हवेच्या दाबाने चालणारा ब्रेक. पुढे ‘एचएल’ जोडलेले दिसले तर तो नव्या घडणीचा, वजनाने हलका आणि जास्त माल घेणारा डबा. बाजूला डब्याचे रिकामे वजन आणि तो किती माल घेऊ शकतो ते टनांत रंगवलेले असते. मोठी देखभाल कुठल्या कारखान्यात झाली आणि पुन्हा केव्हा परत यायचे, ती तारीखही असते.

आणि मग तो नंबर. अकरा आकडी. माझे सगळे कुतूहल खरे तर या नंबराभोवती फिरते.

पहिले दोन आकडे डब्याची जात सांगतात. १० ते २९ उघडे डबे, ३० ते ३९ बंद डबे, ४० ते ४९ टाक्या, असे गट आहेत. पुढचे दोन आकडे मालकी सांगतात: ०१ मध्य रेल्वे, ०३ उत्तर, ०६ दक्षिण, ०९ दक्षिण मध्य. त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे डबा बांधला ते वर्ष. पुढचे चार त्या डब्याचे स्वतःचे. असे दहा झाले. अकरावा आकडा डब्याबद्दल काहीच सांगत नाही. आधीचे दहा नीट लिहिले गेले का, याची तो राखण करतो.

समजा नंबर असा आहे: २२ ०१ १४ ३५७२ ५. उघडा डबा, मध्य रेल्वेचा, २०१४ चा. आता सम जागांवरचे आकडे घ्या, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा: २, १, ४, ५, २. बेरीज १४. तिची तिप्पट ४२. विषम जागांवरचे, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा: २, ०, १, ३, ७. बेरीज १३. दोन्ही मिळून ५५. याच्या पुढची दहाच्या पाढ्यातली संख्या ६०. फरक ५. आणि अकरावा आकडा ५ आहे. नंबर बरोबर.

कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहा. आठव्या जागेवरचा ५ चुकून ६ लिहा, बेरीज मोडते. कुठलाही एक आकडा चुकवा, चूक पकडली जाते, दर वेळी. घाईत लिहिणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटसुलट होणे. आपल्या नंबरात ३५ चे ५३ झाले तर बेरीज ५१ येते, अकरावा आकडा ९ हवा असे निघते, पण तिथे ५ आहे. सापडली चोरी. शेवटच्या ७२ चे मात्र २७ करून पाहा. बेरीज ६५ येते, पुढची संख्या ७०, फरक पुन्हा ५! ही चूक निसटते. शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर पाचाचा फरक असेल तर ही राखण आंधळी होते. मला ते पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी तो हिशेब तीनदा करून पाहिला होता.

आणखी गंमत अशी की घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा तेरा आकडी बारकोड याच रीतीने तपासला जातो. एकआड एक आकड्यांची तिप्पट, बेरीज, दहाच्या पाढ्याला पोचायला किती कमी. सत्तर टन कोळसा वाहणारा डबा आणि पाच रुपयांचा पुडा यांच्या नंबराची राखण एकाच गणिताने होते.

ही राखण लागते, कारण आकडे माणूस लिहीत होता. रेल्वेत ‘नंबर टेकर’ नावाची नोकरी होती. नंतर तिला ट्रेन्स क्लार्क म्हणू लागले. यार्डात गाडी लागली की हातात कंदील किंवा बॅटरी, काखेत वही, आणि गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत प्रत्येक डब्याचा नंबर उतरवायचा. थंडी असो, विदर्भाचा मे महिना असो, पाऊस असो. साडेसहाशे मीटर खडीतून चालणे, काळ्या धुळीने माखलेले आकडे हाताने पुसून वाचणे. त्या वहीवरून यादी, यादीवरून तार, तारेवरून पुढच्या स्टेशनला खबर. एक आकडा चुकला की गव्हाचा डबा कागदावर एकीकडे आणि रुळांवर दुसरीकडे. हरवलेल्या डब्यांचा माग काढणे हेच वेगळे काम होऊन बसले होते. या माणसांची नावे कुठल्या इतिहासात नाहीत. देशाचे धान्य घरोघरी पोचले त्यात त्यांच्या पायांचा वाटा आहे, आणि तो मोठा आहे असे मी मानतो.

रेल्वेची ‘क्रिस’ ही संगणक संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली, ती मुळात मालगाड्यांचा माग ठेवणारी यंत्रणा उभारण्यासाठी. प्रवासी तिकिटांची कामे तिच्याकडे पुढे आली. ‘फॉइस’ हे त्या यंत्रणेचे नाव. माल पाठवणाऱ्याने मागणी नोंदवली, रिकामी गाडी साईडिंगला लागली, भरली, वजन झाले, पावती फाटली, इंजिन लागले, गाडी निघाली, बल्लारशाहला एका रेल्वेने दुसरीच्या हवाली केली, उतरली, पुन्हा रिकामी झाली. यातले प्रत्येक पाऊल आता तिथे नोंदले जाते.

अमेरिकेला डब्यांचे नंबर यंत्राकडून वाचून घ्यायची घाई जरा लवकर झाली. डेव्हिड कॉलिन्स या अभियंत्याने रंगीत चकाकत्या पट्ट्यांची एक खूण शोधली. डब्याच्या बाजूला ती लावायची, रुळाकाठचा दिवा तिच्यावर पडायचा आणि परतलेल्या उजेडावरून नंबर वाचला जायचा. १९६७ मध्ये तिथल्या रेल्वे कंपन्यांनी ती सर्व डब्यांसाठी ठरवली. दहा-अकरा वर्षांत गुंडाळावी लागली. कारण साधे होते: पट्ट्यांवर धूळ बसायची आणि यंत्राला काही दिसायचे नाही. घुग्घुसच्या कोणत्याही माणसाला हे आधी विचारले असते तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. इथे सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. पुढे तिथे रेडिओलहरींनी वाचता येणारे टॅग आले, त्यांना धुळीची पर्वा नाही. भारतीय रेल्वेनेही आता डब्यांना असे आरएफआयडी टॅग लावायला घेतले आहेत आणि त्यांची मानके घेतली आहेत ती ‘जीएस-१’ या संस्थेची. ही संस्था कोण? जगभरच्या बिस्किटाच्या पुड्यांवरचे बारकोड सांभाळणारी!

आता धान्याकडे.

जुन्या घडणीच्या बंद डब्यांची गाडी ४२ डब्यांची असते. अशा सबंध गाडीला ‘रेक’ म्हणतात. रेल्वे आता बहुतेक माल सुट्या डब्याने नाही, रेकने उचलते. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी असताना, दक्षिण मध्य रेल्वेने धान्याचे दोन रेक एकमेकांना जोडून ‘जय किसान’ नावाची लांब गाडी चालवली. ८४ डबे, ५,२०० टन. म्हणजे एका डब्यात साधारण ६२ टन, ५० किलोची १,२४० पोती. एका रेकमध्ये ५२ हजार पोती, आणि त्यातले प्रत्येक पोते कोणाच्या तरी पाठीवरून चढते आणि कोणाच्या तरी पाठीवरून उतरते. पंजाबातले मोगा, हरियाणातले कैथल इथे पोलादी कोठ्यांतून सुटे धान्य थेट डब्यांत ओतण्याची सोय झाली आहे, पण देशाचे बरेचसे धान्य अजून पोत्यातूनच फिरते.

हे आकडे ताटापर्यंत आणून पाहा. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. एका डब्यात १२,४०० माणसांचा महिना बसतो. घुग्घुसची सारी वस्ती धरली तरी चार डब्यांत महिना निघेल. एका रेकमध्ये पाच लाख वीस हजार माणसे. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख होती आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास. उद्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माणसाला पाच किलो द्यायचे म्हटले तर महिन्याला सहा-सात रेक पुरतील. मुख्य मार्गावरच्या फाटकावर एक रेक जायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात अर्ध्या गडचिरोलीचे महिन्याचे धान्य आपल्या डोळ्यांसमोरून निघून जाते.

गडचिरोलीचे नाव घेतलेच आहे तर एक सांगायला हवे. झाडीपट्टी हा धानाचा मुलूख. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, दिवाळीच्या पुढेमागे जिकडे पाहावे तिकडे कापणी आणि पुंजणे. पण इतका मोठा गडचिरोली जिल्हा, आणि कित्येक दशके त्याला रेल्वे स्टेशन मिळाले ते एक, वडसा. कोरची, एटापल्ली, भामरागडचे धान खरेदी केंद्रावरून गिरणीला आणि गिरणीवरून गोदामाला ट्रकनेच जाते. रेकची गणिते तिथल्या शेतकऱ्याला लागू होत नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते.

हंगाम फाटकावर कसा दिसतो ते आता सांगतो. त्यासाठी भरलेल्या गाड्यांपेक्षा रिकाम्या गाड्या पाहाव्या लागतात.

एप्रिल उजाडला की उत्तरेत गव्हाची सरकारी खरेदी सुरू होते. काही आठवड्यांत मंडया भरून वाहू लागतात, गोदामे आधीच्या धान्याने भरलेली असतात, आणि जुने हलवल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. देशभरातून बंद डब्यांना बोलावणे येते. पण पंजाबला परत नेण्यासारखा तितका माल नसतो, म्हणून बरेचसे रेक रिकामेच उत्तरेकडे धावतात. हजार-दोन हजार किलोमीटर रिकामे, आत फक्त हवा. वाटते, केवढा हा अपव्यय. पण तो रिकामा प्रवास झाला नाही तर भरलेला प्रवास होणारच नाही. रेल्वेचे सगळे कसब रिकामे डबे कुठे आणि केव्हा पाठवायचे यातच असते. धान्य कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असते. डबा कुठे आहे हे ज्याला माहीत, तो धान्य हलवू शकतो.

आणि इथे घुग्घुसचा फाटा त्या खेळात येतो. सिमेंटची पोती ज्या बंद डब्यांतून जातात ते हेच डबे. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत: घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही. दक्षिणेला धान्य उतरवलेल्या रेकला परतीच्या वाटेवर माल मिळाला तर रेल्वेला दोन्हीकडून भाडे. पण डबे कोणाला आधी द्यायचे याचा रेल्वेचा ठरलेला क्रम आहे. लष्कराचा माल पहिला, आणि रेशनचे सरकारी धान्यही वरच्या रांगेत. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात आपल्या फाट्यावर बंद डबे विरळ दिसू लागले तर समजावे, तिकडे गहू चढतो आहे. मी फाटकावरून पाहतो तो हंगाम असा, न आलेल्या डब्यांचा.

नेमक्या त्याच महिन्यांत उघडे डबेही तंग असतात. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांवर गेला की पंखे, कूलर गरगरतात, आणि असेच देशभर. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॉटचे. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे ५८ डब्यांचे दोन रेक. कोळशाचे आणि धान्याचे डबे वेगळे असले तरी रूळ तेच, इंजिने तीच, लोको पायलट तेच. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत वीज केंद्रांकडचा साठा इतका घसरला की कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. स्टेशनवर अडकलेला प्रवासी चिडला ते बरोबरच होते. पण त्याच्या न आलेल्या गाडीच्या जागेवरून घुग्घुससारख्या एखाद्या साईडिंगचा कोळसा जात होता.

या सगळ्या गर्दीत दोन गाड्या रुळांच्या एकाच तुकड्यात येत नाहीत, त्याचीही एक मोजणी आहे. रुळाला चिकटवलेली छोटी पेटी पाहिली असेल. तिला ॲक्सल काउंटर म्हणतात. वरून चाकांची जोडी गेली की ती एक मोजते. ५८ डब्यांचे २३२ आस, इंजिनाचे सहा, गार्डच्या डब्याचे वेगळे. तुकड्याच्या या टोकाला जितके आत गेले तितकेच त्या टोकाला बाहेर पडले, तरच रूळ मोकळा मानायचा. एक कमी भरला तर सिग्नल लालच राहतो, कारण मागे एखादा डबा तुटून राहिलेला असू शकतो. फाटकावर बोटे दुमडत डबे मोजणारे पोर आणि ही पेटी एकच काम करतात. पेटी कंटाळत नाही, एवढाच फरक.

जे मोजले जाते ते किती जुने आहे, हेही विसरू नये. धान्याच्या डब्यात गेल्या हंगामाचे ऊन आहे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात पंचवीस कोटी वर्षांहून जुने. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, आणि हे नाव गोंडांच्या या मुलखावरून पडले आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया एकत्र होते त्या महाखंडालाही पुढे तेच नाव मिळाले.

पुढच्या वेळी फाटक पडले की फाटकाच्या अलीकडेच, सुरक्षित जागी थांबा. आधी स्प्रिंगा पाहा, भरलेली की रिकामी ते ठरवा. झाकण आहे की नाही ते पाहा. मग एका डब्याचा अकरा आकडी नंबर कागदावर उतरवा. गाडी हळू असेल तर जमते. सोबत एखादे पोर असेल तर तिप्पट आणि बेरीज त्याला करायला सांगा. आणि तुमचा अकरावा आकडा जुळला नाही, तर पहिला संशय स्वतःच्या उतरवण्यावर घ्या.